अण्णांची आंघोळ

"शाल्मली, पाणी गार झालं गं!" लीड्समधल्या घरातल्या बाथरूममधून अण्णा ओरडले. अर्धांगवायूनंतर ते लेकीकडे राहायला आले होते. डावा हात अजून वर होत नव्हता, पण आंघोळीला कुणाची मदत त्यांना चालत नसे.

घरभर गरम पाणी पुरवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या बॉयलरकडे शाल्मली धावली. जुन्या बॉयलरच्या प्रेशरचा काटा शून्यावर आला होता. खालचा नळ फिरवून तिने पाणी भरलं, बटण दाबलं. बॉयलर जरासा गुरगुरला आणि पुन्हा बंद पडला.

मग तिने पातेलंभर पाणी तापवलं आणि बाथरूमचं दार वाजवलं.

"अण्णा, कडी काढा."

"बाहेर ठेव."

"एका हाताने पातेलं उचलणार कसं?"

मग कडी निघाली. टॉवेल गुंडाळलेले अण्णा साबणाच्या फेसात कुडकुडत उभे होते. तिने त्यांना स्टुलावर बसवलं, पाण्यात विसण घातलं आणि तांब्याने हळूहळू डोक्यावर ओतलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मेकॅनिकने बॉयलर दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी नळाला कढत पाणी आलं. तरी आतून हाक आली, "शाल्मली, पाठ चोळून देतेस का गं?"