गुंगीचे पेढे

"गुंगीचे पेढे देऊन पोरं पळवणारी टोळी फिरतेय," हा मेसेज कुंदननेच सकाळी भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. त्यामुळे चांदवडच्या देवळाबाहेर पोरांना पेढे वाटणारा अनोळखी माणूस दिसताच त्याचं डोकं फिरलं.

"सप्तशृंगीचा प्रसाद हे भाऊ, नवस फेडतोय," तो माणूस हात जोडून विनवत होता. कुंदनने पहिला दांडका घातला आणि मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. तो निपचित पडला, तरी लाथा थांबेनात.

तेवढ्यात फुलं विकणारी चतुराबाई किंचाळली, "मुडद्यांनो, प्रसाद पायाखाली येतोय!"

कुंदन दचकून मागं सरला. त्याने पायातल्या चपला बाजूला काढल्या, रक्त न लागलेला एक पेढा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.