आता दार अडत नाही

खंडेनवमीची पूजा उरकली आणि साहेबराव सरांनी पहिला पेढा जुन्या कॉम्प्युटरपुढं ठेवला. याच डब्यावर त्यांनी ऐन उमेदीत गेटचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. वाळूजच्या एका मोठ्या केमिकल कारखान्यात कामगारानं कार्ड टेकवलं की दार उघडायचं की नाही, हे अजून तेच ठरवायचं. आता कारखान्यानं नवे कॉम्प्युटर आणले आणि घोळ झाला. जुन्या मराठी फॉन्टातली नावं वाचणारा भाग त्यांच्यावर चालेचना. तो काढून नवा लिहायचं काम सरांच्या ऑफिसातल्या नौशीनकडं आलं. अट एकच, गेट हळू व्हायला नको.

आणि नेमकं तेच झालं होतं.

"सर, थोडं बोलायचं होतं," नौशीन म्हणाली.

"बोल की. सणासुदीला तोंड का पाडलंस?"

"जुना कोड एवढा पळायचा कसा, ते सापडलं. साहेब लोकांची, गार्डची नावं इंग्रजीत आहेत. त्यांचं ट्रेनिंग झालंय का, आत परवानगी आहे का, ते सगळं तपासायचा. ठेकेदाराची माणसं मराठीत. मराठी नाव आलं की तपासायचाच नाही, सरळ दार उघडायचा. केमिकलच्या टाक्यांकडंसुद्धा कुणीही जाऊ शकतं, सर. जीव जाईल एखाद्याचा."

तिला वाटलं, सर हादरतील. कसलं काय! ते रुमालानं बोटांवरचं कुंकू पुसत राहिले.

"ठाऊकंय मला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "शिफ्टची वेळ होती, गेटवर लोक शिव्या घालत होते. म्हटलं, आजच्यापुरतं उघडू दे, उद्या नीट करू. तो उद्या काय उगवलाच नाही, पोरी."

"मी केलंय ना नीट. फक्त वेळ लागतोय. आठ दिवस द्या, वेगही आणते."

"आठ दिवस कोण देतंय? त्यांची रांग पार रस्त्यावर गेली. आजच्या आज गेट पळालं नाही तर काम पुण्याच्या कंपनीकडं चाललं. मग ही एवढी पोरं कुठं जातील? तू कुठं जाशील?"

वडिलांच्या आजारपणात घर नौशीनच्याच पगारावर चाललं होतं. सरांवर राग काढावा तर त्यांचेही डोळे भरलेले.

"नवंच लिही," सर म्हणाले, "पण जुनं करत होतं तेच करू दे त्याला. आठ दिवसांनी बघू."

तिनं लिहिलं. असली कामं करायला फार वेळ लागत नाही. सरांनी तेव्हा घाईत केलं होतं, हिनं सगळं कळून केलं. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ते चढलं, आणि गेट जुन्यापेक्षाही जोरात पळायला लागलं. ऑफिसातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या हातात पेढा कोंबला.

दुपारी गेटवरच्या गार्डचा, रामकिसनमामांचा फोन आला.

"मॅडम, लई झ्याक काम केलं बगा! कार्ड टेकवलं न टेकवलं की दार खुलं. आमची मंजुषा बी भुर्रकन गेली आत."

"कोण मंजुषा?"

"लेक वं माझी. ठेकेदाराकडं लागली, पयलाच दिवस हाय. ट्रेनिंग नंतर देतो म्हणाला. सणाची डबल हजेरी मिळती, म्हणून टाकी धुवायला गेली."

नौशीन खुर्चीवरून उठलीच. "मामा, तिला बाहेर बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

"का वं? काय झालं?"

"टाकीत गॅस असतो, मामा! आत कुणाला तरी फोन लावा!"

"साहेब लोक पूजा करून कवाच गेले. अन् आत मोबाइल नेऊ देत न्हाईत..." त्यांचा आवाज चिरकला. "थांबा, मीच जातो टाक्यांच्या दाराकडं."

फोन चालूच होता. बुटांचा धाडधाड आवाज, मग धापा. कार्ड टेकवल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग पुन्हा पुन्हा येत राहिला.

"मॅडम," रामकिसनमामा रडकुंडीला आले होते, "लाल दिवा लागतोय वं. माझं ट्रेनिंग झालं नाय म्हणतंय. मला आत सोडंना."