तेहतीस कोटी तेहतीस लाख

"तीनशे एकतीस?"

"मूळ."

डॉक्टरांनी तारेचं टोक मेंदूवरून उचललं. कवटी उघडी आणि माणूस टक्क जागा! मेंदूला कापलेलं दुखत नाही, म्हणून हे जमतं. तार टेकली की तेवढी जागा क्षणभर बंद पडते. तेवढ्यात पेशंट चुकला, तर ती जागा त्याच्या कामाची. तिथे सुरी लावायची नाही. बरोबर बोलला, तर खुशाल कापा आणि आतल्या गाठीपर्यंत पोचा.

पेशंट गणिताचे प्राध्यापक. "पाय लंगडला तरी चालेल डॉक्टर, पण आकडे गेले तर घरी जाऊन करू काय?" असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. प्रश्न विचारायला त्यांची धाकटी बहीण उभी होती. तीही गणितातलीच. संख्येला एक आणि ती संख्या स्वतः सोडून कशानंच भाग जात नसेल तर 'मूळ' म्हणायचं, जात असेल तर 'फुटते'.

"एक्क्याण्णव?"

"फुटते. तेरा सत्ते. ठमे, मला काय बालवाडीत बसवतेस?"

नर्स हसली. डॉक्टरांना कुठलं हसू! त्यांच्या पाठीला घामाची धार लागली होती.

तीन हजार तीनशे एकतीस. मूळ. तेहतीस हजार तीनशे एकतीस. मूळ. शेवटी एक, पुढे एकेक तीन वाढत चाललेला, आणि उत्तर तेच. डॉक्टरांच्याही ते ध्यानात आलं. तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीससुद्धा मूळ. पण आतापर्यंत मोकळ्या ठरलेल्या जागा सगळ्या कडेच्या. तिथून गाठीकडे जायचं म्हणजे लांबचा वळसा आणि जिवाला घोर.

आता राहिली गाठीच्या थेट डोक्यावरची जागा. इथून वाट मिळाली तर काम फत्ते. डॉक्टरांनी श्वास रोखून तार टेकवली.

"तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस?"

तेहतीस कोटी ऐकून डॉक्टरांना सगळे देव आठवले.

"मूळ," प्राध्यापक झटक्यात म्हणाले.

सुटलो बुवा! डॉक्टरांनी तार उचलली आणि सुरीसाठी हात पुढे केला.

"थांबा!" बहीण किंचाळलीच. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो ताई, बरोबर तर सांगितलं त्यांनी. आधीच्या सगळ्यांसारखंच."

"म्हणूनच थांबा म्हणतेय!"

सुरी घेऊन नर्स तशीच उभी राहिली. टेबलावरून खाकरल्याचा आवाज आला.

"ठमे," प्राध्यापक चाचरत म्हणाले, "मी आत्ता हिला मूळ म्हणालो का गं? असं कसं म्हणालो? इथवरच्या सगळ्या मूळ, पण हिला सतरानं भाग जातो!"