बिघडलं तर कोण बघणार?

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज फोन करणाऱ्या आमच्या संस्थेने ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "फुकटचं आहे. बिघडलं तर बोंब कुणाच्या नावाने मारायची?"

पहिल्याच सोमवारी फोनची यादी उघडेना. चाळीस आजी-आजोबा फोनशेजारी बसून असणार, म्हणून मी घाईने ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर प्रश्न टाकला. दोन मिनिटांत एका अनोळखी गृहस्थांचं उत्तर आलं आणि यादी उघडली. पुढे महिनाभर, काहीही विचारलं तरी उत्तर त्यांचंच, आणि तेही लगेच.

शेवटी मी गमतीने लिहिलं, "आभार! पण तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का हो?"

 

"वय एक्क्याऐंशी. दिवसभर दुसरं कुणी काही विचारत नाही. आज अजून काही अडलं नाही का?"