ओळखीचा हॉर्न

वेल्सच्या डोंगरात नळदुरुस्ती करणाऱ्या गेथिनने इडवालकाकांची जुनी जीप कामाला घेतली. मागे पाइप भरले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या फाटकाशी हॉर्न वाजवला. गिऱ्हाईक राहिलं घरात, काकांच्या मेंढ्या मात्र डोंगरावरून धावत आल्या. इतकी वर्षं त्यांचा चारा याच जीपमधून यायचा!

गेथिन वैतागून ती वरात घेऊन काकांच्या दारात गेला. काका नव्याकोऱ्या गाडीत बसून कधीचे हॉर्न वाजवत होते. आसपास चिटपाखरूही नव्हतं.

“काका, सांभाळा तुमच्या मेंढ्या!”

काका खाली उतरले. त्यांनी नव्या गाडीची किल्ली गेथिनच्या हातावर ठेवली.

“ही तू घे बाबा. तुझी गिऱ्हाइकं हिला बघून येतील. माझी ढुंकूनही बघत नाहीत.”