साखरेची आवृत्ती

"साखर!" ज्युडिथ जवळजवळ ओरडलीच. "अहो थेन, साखर आहे हो! म्हणजे ही खरोखरची पहिली आवृत्ती!"

थेनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वर्डाला, त्याच्या बायकोला, पुरून आठवडा झाला होता आणि आठवडाभर तो घराचं तळघर उपसत होता. गव्हाचे डबे, पीचच्या बरण्या, मेणबत्त्या. प्रलय आला तरी पुरेल एवढं बाईने साठवून ठेवलेलं. त्यातल्याच एका डब्याच्या तळाशी, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं हे पुस्तक निघालं. जाळून टाक, असं त्याने तिला कधीकाळी बजावलं होतं. आता स्वतः जाळायचंही त्राण उरलं नव्हतं, म्हणून तो ते ज्युडिथच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेऊन आला होता.

वाळवंट वाचवायला निघालेल्या चौघा माथेफिरूंची ती कादंबरी. रस्ते पाडणारे बुलडोझर निकामी करत हिंडतात. थेनच्या धाकट्या भावाने, मेरिलने, ती छापून आल्या आल्याच शहरातून आणून वर्डाला वाचायला दिली. आणि त्याच उन्हाळ्यात, दरीत खाणीचा रस्ता पाडणाऱ्या थेनच्या बुलडोझरच्या तेलात कोणीतरी वाळू ओतली. पिठासारखी बारीक, चाळलेली. इंजिन खल्लास. खाणवाल्यांनी गाशा गुंडाळला, रस्ता दरीच्या तोंडाशीच राहिला आणि थेन जन्मभर दुसऱ्यांचे खडीचे ट्रक हाकत राहिला.

शेरीफ म्हणाला होता, "त्या पुस्तकातलीच युक्ती ही." आणि गावात ते पुस्तक सगळ्यात आधी आणलं कोणी? मेरिलने. "तूच केलंस ना?" थेनने तोंडावर विचारलं. मेरिल जमिनीकडे बघत म्हणाला, "तसं समज." संपलं. तेव्हापासून चाळीस वर्षं अबोला. दफनाला आला, तर थेनने त्याला शवपेटीजवळ फिरकूही दिलं नाही. म्हातारा भाऊ टोपी हातात घेऊन कुंपणापाशी उभा राहिला. अजून इथल्याच मोटेलात होता म्हणे, आज निघणार होता.

"साखरेचं एवढं काय कौतुक?" थेनने विचारायचं म्हणून विचारलं.

"लेखकाची चूक! बुलडोझरच्या डिझेलमध्ये साखर टाका, असं लिहून बसला बिचारा. सगळे हसले. मग लगेचच पुढच्या छपाईत त्याने दुरुस्त केलं. तेलात वाळू. आपल्या गावात सगळ्यांनी वाचली ती वाळूची. साखरेची प्रत मी आज पहिल्यांदा बघतेय."

"साखर डिझेलमध्ये विरघळतच नाही," थेन सवयीने बोलून गेला. "तळाशी बसून राहते. इंजिन मारायचं तर तेलात वाळू हवी. तीसुद्धा चाळून..."

तो थांबला. हे तो पूर्वीही बोलला होता. अगदी याच शब्दांत. स्वयंपाकघरात, वर्डाने बरणीला टेकवून ठेवलेलं हेच पुस्तक पीच सोलता सोलता त्याला वाचून दाखवलं होतं तेव्हा. "मूर्ख आहे तुझा लेखक," म्हणत तो पोट धरून हसला होता. तीही हसली होती. तिच्या बापाची मेंढरं त्या दरीत चरायची. रस्ता नको रे, असं ती एकदाच म्हणाली होती. दुसऱ्यांदा नाही.

आणि त्या उन्हाळ्यात तिची पिठाची चाळणी हरवली होती. शेजारच्या आर्डिथने नेली आणि परत केली नाही, अशी कुरकुर ती कितीतरी दिवस करत होती.

थेन स्टुलावर बसला. मेरिलच्या पुस्तकात साखर होती. त्या येड्याला इंजिनातलं काडीचं कळत नव्हतं, त्याने केलं असतं तर साखरच ओतली असती.

"अरे देवा," तो म्हणाला.

"काय झालं? पाणी देऊ?"

"पुस्तक विकायचं नाही. मोटेलचा फोन लावून दे मला."

मेरिलने फोन उचलला.

"मेरिल... तो तू नव्हतास."

पलीकडे मेरिल खोकला.

"तुला कसं कळलं?"

"ते राहू दे. बोलला का नाहीस, गाढवा? इतकी वर्षं!"

"तिची चाळणी मीच नदीत फेकली ना, तेव्हाच तिला सांगितलं होतं," मेरिल म्हणाला. "म्हटलं, वहिनी, गप्प राहा. थेनचं भावावाचून भागेल, तुझ्यावाचून नाही भागायचं."