उठून बसल्याची नोंद

"पाचला खिडकी बंद होते, वहिनी," धाकट्या दिरानं तिसऱ्यांदा सांगितलं. लिफाफा तयार होता, डिंकाची बाटलीही उघडून ठेवलेली. अडलं होतं ते वहिनींच्या सहीपाशी.

वहिनी सही करायची सोडून चष्मा पुसत होत्या. टेंडर समाजकल्याण खात्याचं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल: अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं. हेच काम त्यांच्या बावीस बायका नऊ वर्षं चाळीस घरांत करत होत्या. देणगी देणारा कारखाना महिनाअखेरीस हात काढून घेणार होता. टेंडर मिळालं नाही, तर पहिल्या तारखेपासून त्या चाळीस दारांवर सकाळी कोणी टकटक करणार नव्हतं.

"सरकारी साहेब आपल्या पायांनी दोन जिने चढून अर्ज आणून देतो," वहिनी म्हणाल्या, "तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

"तुम्हाला देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागाल."

"मागेन. फोटो जुळतोय का तेही बघेन. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, आणि आपल्या बायकांच्या रोजच्या नोंदींच्या वह्या मात्र तीन वाचल्या. उभ्या उभ्या. हसत होते वाचताना."

"छान लिहिलंय म्हणाले. कौतुक केलं माणसानं."

"तेच म्हणतेय मी."

दारापाशी बाकावर तुरतुरी बसली होती. चालण्यावरून पडलेलं नाव. खरं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलेलं. चाळिसांतल्या एका घरी, म्हाताऱ्या पोस्टमास्तरांकडे, ती जायची. त्यांची वही भरली म्हणून ती जमा करून नवी न्यायला आली होती. मोठ्यांचं बोलणं चाललंय म्हणून गप्प होती, ऐकत मात्र सगळं होती.

वहिनींनी अर्जाचं शेवटून दुसरं पान दिरापुढे सरकवलं. अक्षर मुंगीएवढं. रोजची वही रुग्णाच्या उशाशी राहील आणि महिन्याला खात्यात जमा होईल. ज्याच्या वहीत महिन्यातले दहा दिवस 'स्वतः उठून बसले' अशी नोंद सापडेल, त्याला मदतीची गरज उरली नाही असं समजून त्याचं नाव यादीतून कमी होईल.

"बरोबरच आहे की. जो उठून बसतो त्याला कशाला..." दीर बोलता बोलता थांबला.

वहिनींनी पोस्टमास्तरांची वही उघडली. सोमवार: आजोबा स्वतः उठून बसले. मंगळवार: उठून बसले, दोन घास जास्त खाल्ले. बुधवार: उठून बसले, हसले.

पोस्टमास्तरांची डावी बाजू दोन वर्षं लाकडासारखी पडून होती.

हा शहाणपणा वहिनींचाच. नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी त्या बजावत: रविवारी पोरं लांबून येतात, आल्या आल्या वही उघडतात. त्यांना रडवायचं नाही. रोज एक बरी गोष्ट लिहायची, नसली तर शोधायची. बायकांनी फार शोधाशोध केली नव्हती. सगळ्यांना मिळून एकच बरी गोष्ट सापडली होती. नऊ वर्षं चाळीस घरांतली माणसं रोज सकाळी बिनचूक उठून बसत होती.

"म्हणजे पहिल्याच महिन्यात यादी साफ," दीर म्हणाला. "सगळे ठणठणीत."

"आणि साहेबांचा अहवाल कसा देखणा होईल."

दिरानं डिंकाच्या बाटलीला बूच लावलं, पुन्हा काढलं. "मग दोन वह्या ठेवू. एक खात्याची, खरी. एक घरच्यांची, गोड."

"साहेबांनी गोड वाचलीय, भाऊजी. विचारतील, महिन्याभरात चाळीस माणसं एकदम आडवी कशी झाली?"

"म्हणायचं, थंडी पडली."

वहिनींना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. सव्वाचार वाजले होते. साहेबांवर त्यांचा विश्वास नव्हता, खात्यावर त्याहून नव्हता. पण पहिल्या तारखेला पोस्टमास्तरांना कुशीवर कोणीतरी वळवायला हवं होतं. त्यांनी सही केली. दीर लिफाफा चिकटवत चिकटवतच जिना उतरला.

वहिनींनी कपाटातून दोन कोऱ्या वह्या काढून तुरतुरीपुढे धरल्या. "निळीत नेहमीसारखं लिही. ती रविवारी लेकीच्या हातात द्यायची. तपकिरीत जे असेल तेच, आणि ती उशाशी ठेवायची. न सांगता तपासायला येतील."

तुरतुरीनं वह्या घेतल्या, पण पिशवीत टाकल्या नाहीत.

"लेकीचं होईल हो, वहिनी. आजोबांचं काय करू?"

"त्यांचं काय?"

"रोज संध्याकाळच्या फेरीला उशाशी असेल ती वही डोळ्यांपुढे धरायला लावतात. आज उठून बसलो का, ते स्वतः वाचतात. मगच डोळे मिटतात."

खाली रस्त्यावर दिराची स्कूटर सुरू झाली, निघून गेली.

"एवढं बारीक दिसतं त्यांना?" वहिनींनी विचारलं.

"चष्म्याशिवाय," तुरतुरी म्हणाली. "ही बरी गोष्ट लिहायचं कधी सुचलंच नाही बघा."